धोंडिरामकाकांच्या ओळीची जागा

मुलुंड
सोमवार, ८ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी जूनपासून पुढे ढकलतोय. आधी पेन नव्हतं, मग पाकीट नव्हतं, मग गणपती आले. खरं सांगायचं तर तू नंबर बदललास, हर्षद भावोजींनीही बदलला, आणि एखाद्याने एवढं दार लावून घेतल्यावर खिडकीवर टकटक करायची मला लाज वाटते. शेवटी भावोजींच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राला दोन वेळा चहा पाजला आणि नागपूरच्या क्वार्टरचा पत्ता काढला. पत्ता चुकीचा असेल तर हे जो कोण वाचतोय त्याला नमस्कार, आणि कृपया इथेच थांबावं, पुढे घरातलं आहे.

मी कुठे आहे ते वाचून कागद फाडू नकोस. मी तुझ्या सासऱ्यांकडे राहतोय. तुमच्याच खोलीत. तुझं कपाट उघडलेलं नाही.

झालं असं की मनोरीला कॉटेजवर काम करत होतो, पावसाळ्यात ते बंद पडलं. चादरी वाळत घालायच्या, पाहुण्यांना जेट्टीवरून आणायचं, बस. एक पाहुणा तर होडीतून उतरताना चप्पल खाडीत पडली म्हणून... जाऊ दे, ते नंतर. तर तुझा नंबर मागायला म्हणून मुलुंडला आलो. धोंडिरामकाकांनी दार उघडलं, हाताला पीठ. म्हणाले, "नंबर माझ्याकडंबी नाही, बाळा. जेवला का?" सुकट आणि भाकरी. मग म्हणाले, पाऊस थांबेपर्यंत बस. तेव्हापासून बसलोय.

ताई, ते चर्चला जात नाहीत. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारनंतर एकदाही नाही. म्हणजे त्या चिठ्ठीच्या दिवसापासून.

मी तेव्हा तिथे नव्हतो, त्यामुळे मला लोकांनी सांगितलं तसं सांगतो. यांच्या चर्चमध्ये दाराशी एक पेटी असते. ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची, आणि पाळकसाहेब उपासनेत ती नावासकट वाचतात. म्हाताऱ्यांपासून चालत आलेलं आहे. अमक्याचं ऑपरेशन, तमक्याची नोकरी. सगळी ऐकणारी साठ घरं, सगळी एकमेकांना ओळखणारी. काकांनी लिहिलं, 'माझी सून श्वेता हिची कूस उजवावी.' पाळकांनी वाचलं. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडा होता तो फक्त फोन, स्टँडवर, लाइव्ह. चार भिंतींत वाचायची सवय, आणि भिंती कधीच्या गेल्या होत्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुझ्या ऑफिसात ते कसं पोचलं, कोण काय बोललं, हे भावोजींनी काकांना फोनवर सांगितलं होतं. काकांनी ते मला सांगितलं, भिंतीकडे बघत. मी तुला समजावायला लिहीत नाही. तुम्ही हे घर सोडून गेलात, तुझं बरोबर होतं. मी असतो तर फोनच फोडला असता.

पण काकांनी स्वतःला जी शिक्षा लावून घेतली आहे ती बघवत नाही. "सूनबाई बोलल्याशिवाय मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही." बस, एवढंच. तीस वर्षं त्यांनी तिथे ओळ दिली. तू तर ऐकलं आहेस. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक कडव्याआधी ओळ मोठ्याने सांगायची, मग मंडळी गाणार. पेंटच्या कंपनीत पाळी करून, अंगाला टर्पेंटाइनचा वास असायचा म्हणे, तसेच यायचे. आता रविवारी सकाळी दाढी करतात, पांढरा शर्ट घालतात, आणि गॅलरीत बसतात.

मला देवाधर्माचं फार कळत नाही. पण माणूस तयार होऊन बसतो आणि निघत नाही, हे कळतं.

तुझा,
नितेश


मुलुंड
बुधवार, २४ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी पण शाळेतून आलेल्या पत्रांना कधी उत्तर दिलं नव्हतं.

आता हसू नकोस. मी चर्चचा फोन सांभाळतो. आपल्या आईला कळलं तर ती भांडुपहून चालत येऊन माझ्या कानाखाली काढेल. तिला मी अजून मनोरीलाच आहे असं सांगितलंय. तुझ्या लग्नापासून तिच्यासमोर चर्च हा शब्दच निघत नाही, तर मी काय सांगणार.

काकांचं औषध पोचवायला सुलक्षणाकाकू आल्या होत्या, महिला मंडळाच्या. तू त्यांना ओळखतेस, त्या जाड चष्म्याच्या. मला बघून म्हणाल्या, "तू लग्नाचे व्हिडिओ काढायचास ना? मग रविवारी ये, आमच्या कॅमेऱ्यात पाळकसाहेब अर्धेच दिसतात." मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही. त्या म्हणाल्या, "ट्रायपॉड पण आमच्यातला नाही. उभा राहतो ना?"

गेलो. आणि ताई, मी तिथे जे बघितलं ते तुला सांगायलाच हवं. माझी समजूत अशी की चर्चचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गुलाब, सूर्योदय आणि सुप्रभात. तर नाही. सुलक्षणाकाकूंनी फुलं बंद केली आहेत. एकाने कबूतर पाठवलं तर त्याला फोन करून विचारलं, "कबूतर काय म्हणतंय? तू बरा आहेस का ते सांग." ग्रुपवर दिवसातून दोनच गोष्टी. सकाळी एक ओळीची सूचना. संध्याकाळी सातला कुणीतरी एकजण आपल्या आवाजात शास्त्रातला एक उतारा वाचतो आणि पाठवतो. कोण वाचणार हे आधी ठरलेलं. चुका तशाच ठेवायच्या. मागे कुकर वाजतो, पोरं भांडतात. एक रिक्षावाले काका आहेत, त्यांनी मुलुंड चेकनाक्याला गाडी बाजूला लावून वाचलं, मध्येच "भाऊ, नाय जाणार" असं गिऱ्हाईकाला सांगून परत पुढे. मला वाटलं लोक हसतील. लोकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. इतकी मोठमोठी फेसबुकची पानं आहेत ना या लोकांची, लाइट मारलेली, ड्रम वाजवणारी, लाखो लोक बघतात. सुलक्षणाकाकू म्हणतात, "लाख लोक मला ओळखत नाहीत. हे साठ मला ओळखतात."

आता खरी गंमत. सकाळची सूचना गेली की दुपारी त्या चष्मा कपाळावर घेऊन बसतात आणि ती कुणी वाचली, कुणी नाही, ते बघतात. तुला माहितीये ना, मेसेज दाबून धरला की नावं दिसतात. आपण हे कशासाठी बघतो? कोण भाव देत नाही ते कळावं म्हणून. त्या बघतात कारण ज्याने दोन दिवस वाचलेलं नाही त्याच्या घरी जायचं असतं. आधी फोन, तो लागला नाही तर डबा घेऊन स्वतः. मला घेऊन जातात सोबत, पिशवी उचलायला.

परवा आढावआजींकडे गेलो. तीन दिवस निळी खूण नाही. सुलक्षणाकाकू न थांबता जिना चढल्या, मी पिशवी घेऊन मागे पळालो. आजींनी दार उघडलं, धडधाकट. फोन कुठाय? तर बादलीत पडला होता, कुणी सांगितलं तांदळात ठेवा, यांनी ठेवला आणि विसरल्या. काकूंनी डब्यात हात घातला. आजी म्हणाल्या, "अगं, काल खिचडी केली तेव्हा मापाला काहीतरी लागत होतं." मग दोघी एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की आजींना खुर्चीत बसवावं लागलं. तिथेच दोघींनी एक गाणं म्हटलं. फोन चालू झालाच नाही. पण आजी म्हणाल्या की गेल्या वर्षभरात त्यांच्या घरात कुणी गायलं नव्हतं.

मी खूप ठिकाणी कामं केली, ताई. आरेत गोठ्याजवळ चहाची टपरी चालवली, घाटकोपरला मोबाईलची कव्हरं विकली. पण फोन या वस्तूचा असा वापर पहिल्यांदा बघितला, म्हणजे माणसाच्या दारापर्यंत जायला.

आणि चिठ्ठ्यांचं काय झालं ते ऐक, ते तुझं आहे. पाळकसाहेब, प्रबुद्ध लोंढे, तरुणच आहेत तसे, त्यांनी ईस्टरनंतरच्या रविवारी कॅमेरा चालू ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक धोंडिरामकाकांची नाही, चर्चची आहे, आणि पाळक म्हणून माझी जास्त. तुझं नाव घेतलं नाही. आता लाइव्हमध्ये गाणी आणि उपदेश दिसतात. चिठ्ठ्यांची वेळ आली की मी लाइव्ह बंद करतो. ते माझ्यावर सोडलंय, आणि मी दोनदा तपासतो. दुसरं, ज्याच्यासाठी चिठ्ठी टाकायची त्याला आधी विचारून यायचं. पेटीवरच लिहिलंय, 'विचारलंत का?'

सुरुवातीला लोक वैतागले. एक सासूबाई म्हणाल्या, "सुनेसाठी प्रार्थना करायला सुनेची परवानगी?" पाळकसाहेब म्हणाले, "हो." त्या घरी गेल्या, चिडत विचारलं. सून म्हणाली, गुडघ्यासाठी नको, माझ्या नोकरीसाठी करा. सासूबाईंना ती नोकरी शोधते आहे हेच माहीत नव्हतं.

हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तुला राग येईल. पण तुझ्यानंतर झालं.

नितेश


मुलुंड
मंगळवार, ७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, पोस्टकार्ड. कोणत्या पोस्टात मिळालं गं अजून? "दोन्ही पत्रं मिळाली. मी बरी आहे. त्यांना सांग बीपीची गोळी जेवणानंतर नाही, आधी घ्यायची." बस. तुझं अक्षर अजून तसंच आहे, बदक चालल्यासारखं.

मी ते काकांना वाचून दाखवलं. ते भाजी निवडत होते. म्हणाले, परत वाच. वाचलं. म्हणाले, तिनं 'त्यांना' म्हटलंय का 'पप्पांना'? मी म्हटलं, 'त्यांना'. मग थोडा वेळ त्यांनी मेथीची काडी न् काडी वेगळी केली. मी म्हटलं, काका, बोलली ना सूनबाई, आता रविवारी चला. तर म्हणाले, "गोळी घे म्हणाली. देवळात जा नाही म्हणाली." चर्चला ते देऊळच म्हणतात कधीकधी, नगरकडे तसं म्हणतात म्हणे.

काका असे आहेत. आता गोळी जेवणाआधी घेतात आणि माझ्यासमोर घेतात, साक्षीदार म्हणून.

एक गोष्ट मी तुला मागच्या पत्रात मुद्दाम सांगितली नव्हती. तुझ्यावर दडपण येईल असं वाटलं. पण लपवण्यात मी कच्चा आहे.

ओळ द्यायला काकांच्या जागी त्यांनी दुसरं कुणी ठेवलेलंच नाही. पाळकसाहेबांनी विचारलं होतं मंडळीला, कोण देईल? कुणीच उठलं नाही. मग त्यांनी ठरवलं की कडव्याआधी ओळीपुरतं थांबायचं. म्हणजे हार्मोनियमवाला हात उचलतो, सगळे गप्प, जेवढा वेळ काकांना ओळ सांगायला लागायचा तेवढा वेळ. मग गाणं. मी पहिल्या रविवारी घाबरलो, वाटलं माझा माइक गेला. लाइव्हखाली पण नवीन बघणारे लिहायला लागले, आवाज गेला, आवाज गेला. पाळकसाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "आवाज गेलेला नाही. आमचे ओळ देणारे काका घरी आहेत. आम्ही त्यांच्यासाठी थांबतो."

त्यानंतर काय झालं माहितीये? बघणाऱ्यांनी ती रिकामी जागा आली की खाली ओळ लिहायला सुरुवात केली. देवनारवरून एक नर्सबाई, ड्युटी असते म्हणून येऊ शकत नाही, ती लिहिते. दुबईतला एक पोरगा लिहितो, स्पेलिंगची वाट लावतो पण लिहितो. चर्च गप्प, आणि माझ्या हातातल्या फोनवर खालून वर ओळी चढत जातात. ताई, मी लग्नं शूट केलीत, त्यात लोक रडतात ते मला सवयीचं आहे. इथे मी कॅमेरा सोडून त्या ओळीच वाचत राहिलो.

मी घरी येऊन काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणाले, "दुसऱ्या कडव्याची ओळ चुकीची लिहिली त्या पोरानं." एवढंच. पण रविवारी गॅलरीत बसून आता ते लाइव्ह लावतात. मी येतो तेव्हा फोन गरम असतो. शेजारच्या जोशीकाकूंनी मला सांगितलं, लाइव्हमध्ये सगळे गप्प झाले की ते गॅलरीतून ओळ देतात, मोठ्याने. खालचे भाजीवाले वर बघतात.

मी तुला काही कर म्हणत नाही. तुझा राग तुझा आहे, त्याला मी हात लावणार नाही. आणि ज्याची तुला घाई झालेली नाही त्याची लोकांनी घाई करावी हे मला पण पटत नाही, मग ते देवाकडे का असेना. फक्त एक माणूस गॅलरीत उभा राहून रस्त्याला ओळ देतोय, हे तुला माहीत असावं.

नितेश

ता.क. मनोरीचा तो चप्पलवाला पाहुणा राहिलाच. त्याची दुसरी चप्पल त्याने स्वतःहून खाडीत फेकली. म्हणाला, ज्याला पहिली मिळेल त्याला जोडी तरी होईल.


मुलुंड
रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

आज लवकर उठलो. ट्रायपॉडचा एक पाय ढिला झालाय, त्याला सुतळी बांधतोय आणि मध्येमध्ये तुला लिहितोय. काकांनी दाढी केली, शर्ट घातला. मी म्हटलं, चला ना. ते म्हणाले, "तू जा, तुला उशीर होईल." दर रविवारचंच.

आज हंगामाचा सण आहे. लोक घरून काय काय आणतात, नारळ, केक, कोंबडी, भोपळा, आणि उपासनेनंतर लिलाव होतो. सुलक्षणाकाकूंनी या वेळी ग्रुपवर सांगितलंय की जे येऊ शकत नाहीत त्यांनी फोनवर बोली लावावी, वस्तू घरपोच. घरपोच म्हणजे मी. दुबईच्या पोराने आत्ताच आढावआजींच्या लोणच्यावर डोळा ठेवलाय. ते तिकडे कसं पोचवायचं ते

थांब, बेल वाजली.

ताई, मी स्वयंपाकघरातून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. आई आली आहे.

आपली आई. विमला परब. नऊवारी नाही, पण लग्नातली ती हिरवी साडी, हातात पिशवी, पिशवीतून केळ्याचं पान बाहेर आलेलं. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मनोरीक होतंस ना?" मी म्हटलं, होतो. "मगे ही काय मनोरी?" आणि मला बाजूला सारून आत. "हंय धोंडिराम साळवे रवतत ना? व्याह्यांक बघूक इलंय."

काका उठून उभे राहिले. त्यांनी तिला सलाम केला. आईने नमस्कार केला. तुझ्या लग्नानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदा, आणि दोघं एकमेकांच्या पायांकडे बघत होते.

मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिने सरळ सुरू केलं, तुला माहीत आहे ती कशी बोलते. म्हणाली, "तो व्हिडिओ मी बघलंय. शेजारणीन दाखवल्यान, माका लाज वाटात म्हणान. माका लाज वाटली ती माझीच. माझ्या चेडवासाठी, श्वेतासाठी, मी तिची आवस, चार वर्सां कोणाकडे काय मागूक नाय. आणि तुमी सगळ्या जगासमोर मागितलात."

काका म्हणाले, "विहीणबाई, चुकलं ते. तिचं दुःख झालं त्यात."

"ता झाला. ता तिचा बरोबर आसा." आई म्हणाली. "पण तवापासून मी दर रविवारी बघतंय. घरात कोण नसताना. माका ती गाणी कळनत नाय. पण मधी मधी सगळे गप रवतत, आणि तो पाळक सांगता, आमी काकांसाठी थांबतो. किती आयतार थांबतले ते? माका ता बघवना नाय. म्हणान चर्चात विचारीत इलंय. त्या चष्म्याच्या बायेन पत्तो दिल्यान."

म्हणजे आई आधी चर्चमध्ये जाऊन आली. आपली आई.

मग तिने पदराने तोंड पुसलं. आणि हळू म्हणाली, "तुमी काय मागितलात ता माका परत सांगा. मोबाईलात धड आयकाक येना नाय. तुमी सांगा, मी पण मागतंय."

ताई, मी दारात उभा होतो. काकांनी मान हलवली. मला वाटलं आता रडतील. नाही. ते म्हणाले, "नाही, विहीणबाई. आता तिला विचारल्याबिगर नाही मागायचो. तिला काय हवं ते ती सांगंल."

आईने पदर खोचला. मला वाटलं हिला राग आला. तर म्हणाली, "मगे विचारा."

"नंबर नाही माझ्याकडं."

"माझ्याकडे पण नाय."

आता दोघं माझ्याकडे बघतायत. चर्चची वेळ होत आली, आज पोस्ट बंद, आणि हे पत्र मी नाक्यावरच्या कुरियरवाल्याकडे देऊन पुढे पळणार. आईने पिशवी अजून खाली ठेवलेली नाही. विचारलं तर म्हणते, श्वेताचा फोन येईपर्यंत मी हंयच आसंय.